बंगला शेवटी, आधी खोरं

बाळ, तुम्ही इंग्लंडात दर उन्हाळ्यात डेव्हनकडे नाहीतर डॉर्सेटकडे एखादं जुनं घर आठवडाभर घेता. शनिवारी किल्ली ताब्यात, पुढच्या शनिवारी परत, स्वयंपाक आपला आपण. यंदा तसाच आठवडा मावळात काढायचा, तुम्ही चौघं आणि सूनबाईचे आईवडील मिळून, हा बेत मला मनापासून आवडला. व्याही आणि विहीणबाई आपल्याकडे पहिल्यांदाच येताहेत, तेव्हा हॉटेलात उतरण्यापेक्षा घर घेणं केव्हाही चांगलं. मात्र तू पाठवलेल्या बंगल्यांच्या फोटोंत पोहण्याचा तलाव, हिरवळ आणि रंगीत दिवे तेवढे दिसले. घर कुठल्या गावात, कुठल्या खोऱ्यात, हे एकाही जाहिरातीत धड लिहिलेलं नाही. 'लोणावळ्याहून २० मिनिटं' एवढ्यावर मावळात घर ठरवू नये.

माझ्या सासूबाई आल्या पाहुण्याला पाण्याचा तांब्या देतादेताच विचारायच्या, "कुठल्या मावळात उतरलात?" त्या एका उत्तरावरून त्यांना पाऊस किती लागेल, गाडी कुठवर जाईल, दूध कुठून मिळेल आणि रात्री कुणाला बरं नसलं तर डॉक्टर किती लांब, हे सगळं कळायचं. शिवकाळातल्या बारा मावळांपैकी पवन, नाणे आणि आंदर ही तीन मावळं आजच्या मावळ तालुक्यात आहेत. तिन्हींमध्ये डोंगराच्या रांगा आडव्या पडल्यात. नकाशावर दोन गावं शेजारी दिसतात आणि गाडीने मात्र खिंड ओलांडून नाहीतर हायवेला उतरून वळसा घालावा लागतो. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की आधी खोरं ठरव, मग महिना ठरव, आणि बंगला सगळ्यांत शेवटी.

पवन मावळ म्हणजे पवना धरणाच्या पाण्याभोवतीचा मुलूख. लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे चारही किल्ले इथून दिसतात. कामशेतहून करुंज, बेडसे करत पवनानगरला जाता येतं. जुनी माणसं पवनानगरला अजून काले कॉलनीच म्हणतात. लोणावळ्याकडून यायचं तर दुधिवरे खिंडीतून उतरायचं. घरं सर्वांत जास्त इथेच मिळतात, रस्ते बरे आहेत, दुकानं जवळ आहेत, त्यामुळे म्हातारी माणसं आणि पोरं बरोबर असताना मी हेच खोरं घेईन. फक्त अगदी पाण्याच्या काठावरचं घर घेऊ नकोस. काठाने तंबूंची रांग असते आणि शुक्रवार-शनिवारी रात्री तिथे गाणी वाजतात. बेडसे-करुंजकडचं किंवा तिकोना पेठेच्या बाजूचं, डोंगराच्या पायथ्याशी टेकलेलं घर बघ. पाणी लांबून दिसेल आणि झोपही लागेल.

आणखी एक गोष्ट पोरांना सांगून ठेव. त्या पाण्याखाली गावं आणि भातखाचरं गेलीत. ज्यांच्या जमिनी गेल्या त्या धरणग्रस्तांची घरं आजूबाजूलाच आहेत. चहा देणारा, नाव चालवणारा, बंगला राखणारा माणूस पुष्कळदा त्यांच्यातलाच असतो. २०११च्या ऑगस्टमध्ये इथलं पाणी बंद नळाने शहराकडे नेण्याच्या योजनेविरुद्ध आंदोलन झालं, बऊरजवळ गोळीबार झाला आणि शेतकरी मारले गेले. ज्या पाण्याकडे बघत आपण सुट्टी घालवणार, त्याची ही बाजू ठाऊक असली म्हणजे बोलताना आवाज आपोआप खाली येतो.

नाणे मावळ कामशेतच्या उत्तरेला. वडिवळे, गोवित्री करत रस्ता थेट जांभवलीपर्यंत जातो. इथे बंगले कमी आणि शेतीवाडी जास्त. शेतकऱ्याच्या घराला लागून दोन खोल्या, अंगणात चूल, गोठ्यात गाय, असं घर मिळालं तर पोरांना यापेक्षा मोठी मौज नाही. जांभवलीच्या कोंडेश्वराचं देऊळ जरूर बघा, पण देवळाजवळच्या कुंडांत कुणी पाय घालायचा नाही. आणि कुणी ढाक बहिरीला चला म्हणालं तर सरळ नाही म्हण. तिथला शेवटचा टप्पा कड्याला लटकून चढायचा आहे, कुटुंबकबिल्याचं ते काम नाही.

आंदर मावळ कान्हे फाट्याहून टाकवे, वडेश्वर करत खांडीकडे जातं. टाटांनी भिवपुरीच्या वीजघरासाठी अडवलेलं ठोकळवाडीचं पाणी आणि घाटमाथ्यावरचे कडे, दोन्ही याच बाजूला. तिन्हींत शांत खोरं हेच. पण फोन मध्येच गप्प होतो आणि दवाखाना लांब. व्याह्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत असं तू लिहिलंस, तेव्हा पहिल्या खेपेला तिथे नको.

राहता राहिलं लोणावळा. बोरघाटातली रेल्वे १८६३मध्ये सुरू झाली आणि मुंबईच्या पारशी-गुजराती घरांनी इथे बंगले बांधायला सुरुवात केली. तुंगार्लीकडे, वलवणकडे, खंडाळ्याच्या झाडीत त्या घडणीची घरं अजून आहेत: उंच जोतं, उतरतं कौलारू छप्पर, पुढे लांब व्हरांडा. असं जुनं घर मिळत असेल आणि स्टेशन जवळ हवं असेल तर लोणावळा वाईट नाही. १९२४पासून चालत आलेलं कैवल्यधाम तिथे आहे, विहीणबाईंना योगाची आवड आहे म्हणून सांगते. मात्र शनिवार-रविवार लोणावळ्यात गाडी बाहेर काढायची नाही. भुशीच्या आणि लायन्स पॉइंटच्या रस्त्यावर अख्खी दुपार जाते.

तुमच्या शनिवार ते शनिवारला इथे फाटा दे. मुंबई-पुण्याची गर्दी शुक्रवारी संध्याकाळी इकडे येते आणि रविवारी संध्याकाळी परत जाते. तुम्ही उलटं चाला. रविवारी दुपारनंतर किंवा सोमवारी सकाळी घरात शिरा आणि शुक्रवारी जेवण करून निघा. मधल्या दिवसांत भाडंही बरंच उतरतं, घरमालक दोन शब्द जास्त बोलतो आणि लेण्यांत तुमच्याशिवाय कुणी नसतं. पुण्याहून रेल्वेने येणार असाल तर लोकल आहेच: तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली, मग लोणावळा. पण दुपारी लोकल कमी असतात, वेळापत्रक बघून निघा.

आता महिना. लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि वडगाव-तळेगावकडे त्याच्या निम्म्याहूनही कमी. एकाच तालुक्यात इतका फरक आहे. पाऊस घाटमाथ्यावर आपटतो आणि पूर्वेला सरकता सरकता हलका होत जातो. म्हणून जुलै-ऑगस्टातच यायचं झालं तर घाटमाथ्याला चिकटलेलं घर न घेता कामशेतच्या आसपासचं घे. धबधबे तिथूनही तासाभरात गाठता येतात आणि कपडे तेवढे वाळतात.

पावसाळ्यातलं घर निवडायची एक जुनी परीक्षा सांगते. आमच्याकडे मृगाआधी घराची पश्चिमेची भिंत गवताच्या झापांनी झाकायचे, कारण झड तिकडून येते. बंगला बघताना हेच बघायचं. पश्चिमेला नुसती मोठी काच असेल आणि पुढे पडवी नसेल तर पाणी चौकटीतून आत येणार. भिंतीला खालून वर हात फिरव. गार आणि चिकट लागली, रंगाचे पापुद्रे सुटलेले दिसले, तर तिथे झोपू नये. मग गादी उचलून खालची बाजू हुंगायची. वरची चादर सगळेच धुऊन घालतात, बुरशीचा वास खालच्या बाजूला असतो. पोराला दमा आहे, तेव्हा ही परीक्षा सोडायची नाही. तुला इंग्लंडातून येऊन बघता येणार नाही हे खरं. मी कामशेतला बसले आहे, तू नक्की करायच्या आधी मी जाऊन बघेन.

पण माझं ऐकशील तर पाऊस सोड आणि ऑक्टोबरचा शेवट किंवा नोव्हेंबर धर. भात पिकलेलं असतं, कापणी-झोडणी चालू असते, सगळ्या खोऱ्याला नव्या तांदळाचा वास असतो. आभाळ धुतलेलं, किल्ले लांबून स्वच्छ दिसतात, पायवाटा वाळलेल्या. सप्टेंबरच्या शेवटी येता आलं तर लोहगड-विसापूरच्या पठारांवर सोनकी आणि तेरडा फुललेला मिळेल. डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगली थंडी पडते. घरात पांघरुणं पुरेशी आहेत का ते विचार, आपल्याकडच्या घरांत खोल्या तापवायची सोय नसते. मे महिना तुमच्या मंडळींना सोसणार नाही. तरी मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा राजमाचीला काजव्यांची झाडं लखलखतात. ती बघायला उधेवाडीत, गावकऱ्यांच्या घरी राहावं लागतं. लोणावळ्याहून वाट लांबलचक आहे, तो बेत पोरं मोठी झाल्यावर.

घरमालकाशी बोलताना तलावाबद्दल विचारू नकोस, त्याची माहिती तो आपणहून देईल. तू पाण्याबद्दल विचार. प्यायचं पाणी विहिरीचं, बोअरचं, ग्रामपंचायतीच्या नळाचं की टँकरचं? टाकी किती लिटरची? वीज गेली तर पंप चालतो का? इन्व्हर्टरवर नुसते दिवे-पंखे चालतात की फ्रिजही? गिझर कशावर आहे? पाऊस-वाऱ्यात इथे वीज जातेच आणि सहा माणसांच्या घरात टाकी रिकामी झाली की सगळी सुट्टी बादल्या मोजण्यात जाते. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्याने भरलेला तलाव मला बघवत नाही, त्याच रस्त्याने बाया डोक्यावर हंडे घेऊन जाताना मी पाहिल्यात. पोरांना डुंबायला हवंच असेल तर पावसानंतरच्या महिन्यांत घर घ्या.

स्वयंपाकघराची चौकशी वेगळी कर. काही बंगल्यांत स्वयंपाकघर असतं पण गॅस भरलेला नसतो, काही ठिकाणी 'आमच्याकडचंच जेवण घ्यावं लागेल' अशी अट असते, काही ठिकाणी मांसाहार चालत नाही. भांडी किती, कुकर आहे का, तवा आहे का, हे विचारायला लाजू नकोस. राखणदार तिथेच राहतो का आणि त्याचा नंबर काय, हेही घे. पहिल्या दिवशी घरी पोचलात की त्याला आणि त्याच्या बायकोला बसवून चहा पाजा, दादा-वहिनी म्हणून नीट ओळख करून घ्या. आठवडाभर तुमचं सगळं त्या दोघांवर चालणार आहे. त्यांच्याकडून जास्तीचं काम करून घेतलंत तर त्याचे पैसे त्यांच्या हातात द्या, मालकाच्या हिशेबात घालू नका.

पैशांबाबत कडक राहा. दुसऱ्याच्याच बंगल्याचे फोटो लावून आगाऊ रक्कम उकळणारे लोक आहेत. फोनवर चालू व्हिडिओत घर, दरवाजा, समोरचा रस्ता दाखवायला सांग. जवळचा फाटा कुठला, गावातलं देऊळ कुठलं, ते विचार. खरा माणूस तडक सांगतो, लबाड अडखळतो. पर्यटन खात्याकडे घराची नोंदणी आहे का तेही विचार. सरकारची निवास-न्याहारी योजना आहे, २०२० सालचं कृषी पर्यटन धोरण आहे, त्यांत नोंदलेल्या घरमालकाला जबाबदारी असते. काहीच जमलं नाही तर कार्ल्याला एमटीडीसीचं निवासस्थान आहे, तिथे फसवणुकीची भीती नाही. शिवाय व्याही-विहीणबाई ब्रिटिश पासपोर्टवर येणार, तेव्हा त्यांना उतरवून घेणाऱ्याला चोवीस तासांच्या आत त्यांची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते. बऱ्याच छोट्या घरमालकांना हे माहीतच नसतं. आधी विचार, आणि पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती काढून ठेव.

सामान भरायचं ते तळेगावात किंवा कामशेतला. पुढे गावांत दूध, अंडी, कांदे-बटाटे मिळतात, पण विहीणबाईंचा पाव, लोणी, चीज मिळेलच असं नाही. तांदूळ मात्र बाहेरून आणू नका. इंद्रायणी हा वाण आपल्या वडगावच्याच भात संशोधन केंद्रात तयार झाला, १९८७ साली. तो मावळाचा तांदूळ मावळात शेतकऱ्याच्या कणगीतून घ्यावा. घेताना 'यंदाचा की गेल्या सालचा' हे विचारायचं. नवा तांदूळ असेल तर पाणी नेहमीपेक्षा कमी घाल आणि फार वेळ धुऊ नकोस. जुन्याला थोडं जास्त लागतं. इंद्रायणीचा भात मऊ आणि चिकटच व्हायचा, शितं मोकळी करायच्या नादी लागू नका. त्यावर तूप, साधं वरण, बाजूला लसणीचा ठेचा. व्याह्यांना तिखट सोसणार नाही, त्यांना दूध-गूळ-भात द्या, पोटाला बरा असतो.

राखणदार वहिनींना एक दिवस चुलीवरच्या तांदळाच्या भाकरी करायला सांगा आणि सूनबाईला शेजारी बसू द्या. तांदळाची उकड गरम असतानाच मळावी लागते, नाहीतर भाकरीला कडेने चिरा पडतात. पावसात आलात तर टाकळा, कुरडू, भारंगी अशा रानभाज्या मिळतील. त्या स्वतः तोडायला जाऊ नका, ओळखणाऱ्या बाईकडूनच घ्या.

फिरण्याचा बेत आखताना दिवसाला एकच गोष्ट. माझे सासरे म्हणायचे की पाहुण्याला सगळं दाखवलं तर त्याला काहीच दिसत नाही, आणि मी इतकी वर्षं माणसांना मावळ दाखवते आहे, मला ते पुरतं पटलेलं आहे. लेणी बघायची तर उन्हाचा हिशेब ठेवा. बेडशाचं चैत्य पूर्वेला तोंड करून आहे, तिथे सकाळी जा. पुढच्या उंच खांबांवर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांवर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी आहेत. कोवळं ऊन आडवं पडतं तेव्हा त्यांच्या गळ्यातले अलंकारसुद्धा मोजता येतात. गर्दी जवळजवळ नसते. भाजे आणि कार्ले पश्चिमाभिमुख, ती दुपार कलल्यावर. भाज्याची लेणी या तिन्हींत सर्वांत जुनी. तिथल्या विहारात रथावरचा सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र कोरलेला आहे, पोरांना त्याची गोष्ट सांगून ठेव. कार्ल्याचं चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब आहे. आत शिरल्यावर वर बघा, छताच्या कमानींना दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या अजून आहेत. दारातच एकवीरा आई आहे, आगरी-कोळ्यांची कुलदेवता. चैत्रातल्या यात्रेच्या दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा लेणी बघायला जाऊ नये, देवीच्या भक्तांना त्यांची जागा द्यावी.

लोहगडाला पायऱ्या आहेत. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे वळत वळत लागतात, दमलं की प्रत्येक दरवाजाशी टेकता येतं. २०२५च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यांत हा आहे. विसापूरची वाट दगडधोंड्यांची, तिथे तू आणि मोठी मुलगी जा. व्याही इतिहासाचे शौकीन, त्यांना वडगाव दाखव. १७७८च्या अखेरीस राघोबादादाला पेशव्यांच्या गादीवर बसवायला मुंबईहून इंग्रज फौज बोरघाट चढून आली. १७७९च्या जानेवारीत कार्ल्याजवळ त्यांचा कॅप्टन स्टुअर्ट पडला. तो इतका धीट की आपल्या लोकांनीच त्याला 'इष्टुर फाकडा' नाव दिलं. तळेगावपर्यंत येऊन फौज माघारी फिरली, महादजी शिंद्यांनी वडगावात कोंडली आणि इंग्रजांना तह करावा लागला. ज्या गावाने त्यांना हरवलं त्याच गावात स्टुअर्टची आठवण शाबूत आहे, हे व्याह्यांना आवडेल.

तुमच्याकडे नकाशावर सार्वजनिक पायवाटा आखलेल्या असतात आणि शेतातून गेली तरी वाटेचा हक्क कायद्याने असतो. इथे तसं नाही. इथली वाट वहिवाटीची, आणि ती खाचराच्या बांधावरून जाते. पावसात बांध मऊ असतो, दहा माणसं चालली की खचतो आणि खाचरातलं पाणी वाहून जातं. म्हणून समोर शेतकरी दिसला की "काका, इकडून जाऊ का?" एवढं विचारायचं. कुणी नाही म्हणत नाही, उलट पुढची वाट दाखवतात. रोपाच्या वाफ्यात पोरांना उतरवू नका. लावणी करायची हौस असेल तर बायकांना विचारून त्यांच्यामागे एक ओळ लावा.

आता पाण्याबद्दल. हे मी आर्जवाने सांगते, कारण दर पावसाळ्यात रुग्णवाहिकेचा आवाज आम्ही ऐकतो. भुशीचं धरण रेल्वेने इंजिनांच्या पाण्यासाठी बांधलं, दिसायला ते पायऱ्यापायऱ्यांचं आणि साधं. ३० जून २०२४ला त्याच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. ती सगळी पाण्याच्या मध्ये एकमेकांना धरून उभी होती. वर डोंगरात पाऊस वाढला की खाली काही मिनिटांत लोंढा येतो, आणि खाली उभ्या माणसाला वरचा पाऊस दिसत नाही. पुढच्याच वर्षी, १५ जूनला, इंदोरीजवळ कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला. तेव्हा नियम साधा: धबधबा लांबून बघायचा, पाणी गढूळ झालं किंवा आवाज बदलला की मागे फिरायचं, आणि गर्दी झालेल्या साकवावर पाय ठेवायचा नाही. पवनेच्या पाण्यातही उतरायचं नाही. काठ उथळ दिसतो, पण खाली गाळ आहे आणि पुढे एकदम खोल. पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे बंदीचे आदेश निघतात, ते वाचून निघा. पोलिसाशी हुज्जत घालू नका.

रात्री अंगणात जाताना बॅटरी आणि पायात बूट. घोणस, मण्यार, फुरसं, नाग, चारही विषारी साप इकडे आहेत. बाहेर ठेवलेले बूट सकाळी झटकून घालायचे. साप दिसला तर मारू नका, राखणदाराला हाक मारा. तो मावळातल्या वन्यजीव रक्षकांच्या पोरांना बोलावतो, ती येऊन धरून नेतात. चावला तर बांधाबांधी, चिरा, मंत्र काही नाही. १०८ला फोन आणि सरळ कान्हे फाट्याचं सरकारी रुग्णालय. डोंगरात कुणी अडकलं तर ११२, आणि लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र. ही मुलं रात्री-अपरात्री दोर घेऊन निघतात, त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. हे सगळे नंबर कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटव, कारण फोनला रेंज असेलच असं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी प्लॅस्टिकचा कचरा एका पोत्यात भरून ठेवा आणि जाताना गाडीत घाला. तळेगावात कचरागाडी येते. लहान गावांत तो जाळतात किंवा ओढ्यात जातो.

तर आता असं कर. बेडसे-करुंजच्या बाजूची दोन आणि तिकोना पेठेकडचं एक, अशी तीन घरं काढ, नोव्हेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा धर, रविवार ते शुक्रवार. दिवाळी कधी आहे ते आधी बघून घे, त्या आठवड्यात भाव आणि गर्दी दोन्ही चढतात. पैसे कुणालाच पाठवू नकोस. मला तिन्हींचे पत्ते कळव, मी रिक्षा करून जाते, भिंतीला हात लावते, विहिरीत डोकावते आणि तुला संध्याकाळी फोन करते.